यू-लॉक, साखळी की केबल? सायकलसाठी कुलूप निवडताना

मोठ्या शहरातला सायकलचोर कुलूप उघडायच्या भानगडीत सहसा पडत नाही, सरळ तोडतो. म्हणून किल्ली कशी आहे हे नंतर, पोलाद कसलं आणि किती जाड हे आधी बघायचं.

केबल लॉकचा निकाल लगेच लागतो. वरून जाडजूड दिसतं ते प्लॅस्टिक. आत बारीक तारांचा पीळ. हातात मावणाऱ्या कटरने काही सेकंदांत तुटतो. पुढचं चाक किंवा सीट अडकवायला दुसरं कुलूप म्हणून चालेल, एकटं अजिबात नाही. मागच्या चाकाला बसवलेलं कड्याचं कुलूपही तसंच. सायकल चालवत नेता येणार नाही, पण उचलून टेम्पोत टाकायला कोण अडवतंय?

खरी निवड यू-लॉक (इंग्रजी U च्या आकाराचा पोलादी दांडा आणि त्याची तोंडं बंद करणारी आडवी दांडी) आणि साखळी यांच्यात. रोज ने-आण करणाऱ्याला मी यू-लॉकच सांगेन. चांगल्या यू-लॉकचा दांडा 13-14 मिमी जाड असतो, वजन साधारण दीड किलो, आणि हाताने चालवायच्या बहुतेक बोल्ट कटरना तो दाद देत नाही. मोठं घेण्यापेक्षा छोटं घ्या. आत मोकळी जागा उरली नाही, तर चोराला पहार किंवा जॅक घालून ते फाकवता येत नाही. लावताना मागचं चाक, फ्रेम आणि जमिनीत पक्का रोवलेला खांब, तिन्ही एका फेऱ्यात घ्या. आडवी दांडी दोन्ही टोकांना लॉक होते ना, हेही पाहा. तशी असेल तर बहुधा एका कापात काम होत नाही, दोनदा कापावं लागतं. तोटा एकच: खांब जाड निघाला की हे कुलूप निरुपयोगी.

तिथे साखळी कामाला येते. पण साध्या लोखंडाची नव्हे, कडक केलेल्या पोलादाची. 10 मिमीची साखळी दोन किलोच्या आसपास जाते. 16 मिमीची तर रोज वाहून नेणं म्हणजे शिक्षाच, ती रात्रीच्या जागीच ठेवून द्यायची. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकला की जोर कितीतरी वाढतो.

पॅकवरच्या '10 पैकी 9' वगैरे आकड्यांवर जाऊ नका; ती ज्या त्या कंपनीची स्वतःची मोजपट्टी. ब्रिटनमधल्या 'सोल्ड सिक्युअर'सारख्या स्वतंत्र चाचणीचा गोल्ड किंवा डायमंड शिक्का असेल तर तुलनेला अर्थ आहे.

बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे, म्हणजे फिरत्या चकतीने धातू कापणाऱ्या यंत्रापुढे मात्र नेहमीचं यू-लॉक मिनिट-दोन मिनिटंच टिकतं. ग्राइंडरची चकती झिजवणारी नवी कुलपं मिळतात, पण महाग आणि जड. महागड्या किंवा इलेक्ट्रिक सायकलसाठीच तो खर्च परवडतो. रात्रभर रस्त्यावर ठेवायचीच असेल, तर यू-लॉक आणि साखळी दोन्ही लावा.

एअरटॅगसारखा ट्रॅकर लपवून ठेवायला हरकत नाही, पण तो चोरी थांबवत नाही; उलट सोबत अनोळखी ट्रॅकर फिरतोय असा इशारा चोराच्याच फोनवर जाऊ शकतो. त्याआधी फ्रेम नंबरचा फोटो काढून पावतीसोबत ठेवा. बहुतेक सायकलींवर तो पेडलच्या आसाखाली, फ्रेमच्या बुडाशी कोरलेला असतो.