गुओ शीच्या ‘अर्ली स्प्रिंग’चं प्रिंट: घ्यायचं असेल तर आधी हे बघा

ऑनलाइन मागवलं, मॅट पेपरवर, मूळ चित्राच्या साधारण निम्म्या साइजचं, आणि पैसे वसूल झाले बघा. मूळ चित्र म्हणजे चिनी चित्रकार गुओ शीनं काढलेला डोंगराचा देखावा, 1072 सालचा, रेशमावर शाई आणि अगदी फिकट रंग, दीड मीटरहून उंच, तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये आहे. बेळगावातनं उठून तिकडं कोण जातंय, म्हणून प्रिंट तरी चांगलं पाहिजे की.

ह्या चित्रात धुकं रंगवलेलंच नाही ओ! रेशीम तसंच कोरं सोडलंय आणि कडेची शाई पातळ पातळ करत नेलीय, त्यामुळं डोंगराचा मधला भाग गायब होतो आणि वरचं शिखर आणखीनच उंच वाटतं. जुलैत जांबोटीवरनं चोर्ल्याकडं जाताना असंच असतंय, खालची झाडं दिसतात, वरचा कडा दिसतो, मधलं सगळं ढगात. म्हणून मुख्य बघायचं ते मोकळ्या जागेचा रंग. बऱ्याच स्वस्त प्रिंटमध्ये जुन्या रेशमाचा तपकिरी रंग उडवून पांढराफटक करतात, मग धुकं कुठलं, नुसता कागद दिसतो. माझ्यात तो रंग व्यवस्थित आलाय.

उजवीकडचा धबधबा, त्याच्या वरच्या अंगाला देवळाच्या इमारती, खाली पाण्याकाठी होडी आणि बारकी माणसं, सगळं स्पष्ट. झाडांच्या वाकड्या फांद्यांना तिकडं खेकड्याच्या नांग्या म्हणतात, त्यांची टोकं सुद्धा सुटी दिसतात. पायथ्यापासून वर बघा, नाहीतर डावीकडच्या दरीतनं लांब आत बघा, नजर एका जागी थांबतच नाही, आणि गुओ शीला तेच पाहिजे होतं. वर उजवीकडची कविता मात्र त्याची नाही, ती चीनच्या चियानलाँग बादशहानं खूप नंतर, 1759 मध्ये लिहिलीय, काही प्रिंटमध्ये ती कापतात, तसलं घेऊ नका.

कमी काय तर मधल्या खडकांत शाईचे थर एकावर एक आहेत ते इथं काळे होऊन मिसळलेत, आणि पाठवताना नळी इतकी पातळ की एक कोपरा दुमडून आला. एक स्टार त्याचा कापला.

फ्रेम करताना साधी चकचकीत काच नको, समोरची खिडकीच दिसत राहते. नॉन-ग्लेअर काच सांगा आणि काच आणि कागदाच्या मधे माउंट बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला लावा, आपल्याकडच्या पावसाळी ओलीत कागद काचेला चिकटला की मग काढता येत नाही.