ग्लासातलं काळं पाणी आणि १८ महिन्यांचे हप्ते

सोलापुरातल्या सगळ्यांनी, त्यातल्या त्यात जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडं राहणाऱ्यांनी हे जरा शेवटपर्यंत वाचा. लांबलंय, पण थोडक्यात सांगितलं तर कळणार नाही की फुकट पाणी तपासतो म्हणून मशीन गळ्यात मारणाऱ्यांच्या जाळ्यात आमच्यासारखी शिकलेली माणसं कशी सापडतात. अजून ही फसवणारी माणसं गावात फिरतायत.

आपल्याकडं पाणी कसं येतं ते तुम्हाला माहितीच आहे. चार-पाच दिवसाआड नळ, मग हौद भरा, टाकी भरा, पिंप भरा, घागरी-कळश्या भरा. पुण्या-पिंपरीकडचं सांडपाणी नदीतनं उजनीत येतं हे लहानपणापासून ऐकत आलोय आणि धरणाचं पाणी हिरवं झालेलं पण बघितलंय. त्यामुळं पाण्याची धास्ती आपल्या मनात आधीचीच असते.

त्यात या पावसाळ्यात माझ्या पोराला कावीळ झाली. नऊ वर्षांचा आहे. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्नाचा वास आला तरी उलटी, तीन आठवडे शाळा नाही. डॉक्टर म्हणाले, पाण्यातनं किंवा बाहेरच्या खाण्यातनं झालंय. पोरगं जरा उठून बसायला लागलं आणि त्याच आठवड्यात सकाळी अकराच्या सुमाराला दोन पोरं दारात आली. निळे शर्ट, गळ्यात कार्ड, हातात बॅग. "ताई, घरोघर पाणी तपासणी चालू आहे, फ्री आहे, पाचच मिनिटं." मला वाटलं सरकारीच असणार. ते तसं म्हणाले नाहीत, पण मी "सरकारी का ओ?" विचारल्यावर नाही पण म्हणाले नाहीत, नुसती मान हलवली. आत बसल्यावर पहिला प्रश्न, "घरात अलीकडं कोण आजारी पडलंय का?" आणि मीच सगळं सांगितलं. कावीळ, ॲडमिट, खर्च, सगळं.

मग त्यानं दोन काचेचे ग्लास मागितले. एकात आमचं पिण्याचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. आधी पेनासारखं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं मीटर बुडवलं. आमच्या पाण्यात ४१२, त्याच्या पाण्यात ३८. म्हणाला, १००च्या वर म्हणजे किडनीला धोका, तुमचं तर ४१२ आहे. मग एक पांढरा डबा काढला, त्याला खाली चार दांड्या, दोन-दोन प्रत्येक ग्लासात, आणि वायर आमच्या मिक्सरच्या सॉकेटला लावली. अर्ध्या मिनिटात आमचं पाणी पिवळं झालं, मग हिरवट, मग काळपट तपकिरी, आणि वर गाळाचा साय धरल्यासारखा थर. त्याच्या ग्लासातलं पाणी मात्र जसंच्या तसं, स्वच्छ. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "अगं बया, हे पाजलं का आपण लेकराला?"

त्या एका वाक्यानंतर मला काही सुचेना. पोरगं तिथंच उभं होतं, त्यानं बोट पुढं केलं त्या ग्लासाकडं, तर त्या माणसानं झटक्यात त्याचा हात बाजूला केला. मला वाटलं, किती काळजी घेतोय. त्या ग्लासात घरातला २३० व्होल्टचा करंट सोडलेला होता आणि शेजारी माझं आजारातनं उठलेलं पोरगं उभं होतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं. अजून ते आठवलं की अंगावर काटा येतो.

पुढचं पटापट झालं. पाणी शुद्ध करायची मशीन १७,९९९ ची, आजच्या दिवस ऑफर, २,००० रोख द्या, बाकीचे झिरो परसेंट हप्ते, महिना १,६२० असे दहा. आधार आणि पॅनचा फोटो काढला, "कन्फर्मेशनचा नंबर येईल तो सांगा" म्हणाला आणि मी तीन वेळा ओटीपी सांगितला. मेसेज इंग्रजीत होता, लांबलचक, मी वाचलाच नाही. मिस्टर कारखान्यात पहिल्या पाळीला होते, त्यांना फोन लावायला घेतला तर म्हणाला, साहेबांना संध्याकाळी सरप्राईज द्या की ताई. संध्याकाळी दुसरा एक माणूस येऊन मशीन बसवून गेला. महिनाभरानं खात्यातनं हप्ता कापला तेव्हा मिस्टरांनी मेसेज शोधून वाचला. लोन २४,००० चं, १८ हप्ते. हिशोब करा, २९,१६० रुपये. वरचे रोख दोन हजार वेगळे. दिलेल्या नंबरवर फोन लावला तर पहिले दोन दिवस "मीटिंगमध्ये आहे", नंतर स्विच ऑफ.

मशीनचं तर विचारूच नका. चार-पाच दिवसाआड पाणी येतं त्या घरात एक हंडा भरायला दोन बादल्या पाणी पाईपातनं मोरीत जायचं. सासूबाई ते पाणी भांड्यांना वापरायच्या, पण जीव तुटायचा. आणि एक दिवस त्यांनी ओल्या हातानं नळाची तोटी धरली तर कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पायात चप्पल होती म्हणून निभावलं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तर ॲडॉप्टरची वायर सिंकच्या वर नुसती टेप गुंडाळून जोडलेली, अर्थिंग नाहीच. त्यानं घरभर बघून सांगितलं की आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, करंट गळायला लागला की ती स्वतःच लाईन पाडते. लगेच बसवून घेतली. तुमच्या मेन बोर्डला नसेल तर तुम्ही पण बघा, आपल्या घरात पाण्याची मोटर, गिझर, वॉशिंग मशीन सगळं ओल्यातच चालतं.

माझा भाचा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करतोय. तो आला, त्याला मी ते काळ्या पाण्याचं सांगितलं, तर तो म्हणाला मावशी थांब. त्यानं एक ९ व्होल्टची बॅटरी, दोन लोखंडी खिळे आणि वायरचे दोन तुकडे घेतले. (घरच्या सॉकेटला असलं काही लावायचं नाही हे त्यानं आधी पोराला बजावलं, मी पण तुम्हाला बजावते.) नळाच्या पाण्यात खिळे धरले, जरा वेळानं पाणी पिवळट तांबूस व्हायला लागलं. मग कॉलेजातनं आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घेतलं, म्हणजे त्याहून शुद्ध पाणी घरात मिळायचं नाही. त्यात काहीच झालं नाही. मग त्यानं त्याच डिस्टिल्ड पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, आपलं चटणीत घालतो तेच. आणि माझ्या डोळ्यादेखत त्या शुद्ध पाण्यात खिळ्यापासून हिरवट धागे सुटायला लागले, पाच-सात मिनिटात तसाच तपकिरी गाळ. खिळा वर काढला तर कुरतडल्यासारखा झालेला.

तो गाळ आपल्या पाण्यातला नसतोच. लोखंडाची दांडी करंटनं विरघळते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. पाण्यात क्षार असले की त्यातनं करंट जातो, क्षार अगदी कमी असले की फारसा जात नाही, म्हणून त्याचं पाणी स्वच्छ राहिलं. नारळपाण्यात ती दांडी घातली असती तरी गाळ झाला असता.

आणि टीडीएसचं पण तेच. ते मीटर फक्त पाण्यातनं करंट किती जातो ते मोजून क्षारांचा अंदाज सांगतं. भारतीय मानक आहे आयएस १०५००, त्यात टीडीएस ५०० मिलिग्रॅम पर लिटरपर्यंत चांगलं धरलंय आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर २,००० पर्यंत. आमचं ४१२. म्हणजे ज्या आकड्यानं मला घाबरवलं तो आकडा चांगल्यातलाच होता. आणि कावीळ, टायफॉईड, जुलाब करणारे जंतू त्या मीटरला दिसतच नाहीत, गटाराचं पाणी थोडंसं मिसळलं तर आकडा फारसा हलत पण नाही.

भाच्यानं मशीन पण उघडलं. आत जाणारं पाणी ४१८, बाहेर येणारं ४११. क्षार गाळणाऱ्या मेंब्रेनची नळी होती, आत मेंब्रेनच नव्हतं. जंतू मारायचा यूव्ही म्हणून दिवा होता तो साधा निळा एलईडी. दोन महिने मी पोराला हे पाणी न उकळता देत होते, मशीन आहे म्हणून. पैशांपेक्षा मला ह्याचंच जास्त लागलंय.

मग खरी तपासणी केली. भाच्यानं एचटूएसच्या छोट्या बाटल्या आणल्या, त्यात पाणी भरून झाकण लावून २४ ते ४८ तास ठेवायचं, काळी पडली तर पाण्यात घाण मिसळलीय असं समजायचं. एक नळाची, एक मशीनची, एक उकळून गार केलेल्या पाण्याची. दोन दिवसांनी बघितलं तर नळाची काळी, मशीनची पण काळी, उकळलेलीला काही नाही. त्या दिवशीचं काळं खोटं होतं, हे खरं होतं.

प्लंबरला बोलावलं. घराबाहेर आमचा नळाचा जुना पाईप गटारातनं गेलाय आणि तिथंच गंजून भोक पडलेलं. गल्लीत सगळ्यांसारखी आम्ही पण नळाला डायरेक्ट मोटर लावायचो, नाहीतर वर टाकीत चढत नाही. प्लंबर म्हणाला, वहिनी, मोटर ओढते तेव्हा पाणी कमी पडलं की ती त्या भोकातनं गटाराचं ओढते. नळ बंद असतो ते चार दिवस पाईप रिकामा असतो तेव्हा पण तिथनं आत झिरपतंच. आता पाईप गटाराच्या वरनं घेतलाय, मोटर फक्त हौदातनं टाकीत चढवायला ठेवलीय. नळ आला की पहिली दोन मिनिटं पाणी झाडांना सोडते. हौद धुतला, पिंपाला झाकण आणि तोटी केली म्हणजे कोणाचा हात आत जात नाही. क्लोरीन आहे का बघायला ओटी टेस्ट करते, थेंब टाकले की पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. नाही झालं तर मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, आणि अर्धा तास थांबायचं. पावसाळ्यात नीट खळखळ उकळूनच. सरकारी प्रयोगशाळेत पण पाण्याचा नमुना देता येतो, जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्यायची, घरची चालत नाही.

लोनचं म्हणाल तर फायनान्सवाले म्हणतात ओटीपी तुम्हीच दिला, हप्ता भरावा लागेल. १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली, पोलीस चौकीत अर्ज दिलाय, पोच घेतलीय. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, पाच लाखापर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी लागत नाही. बिलावर कंपनीचा पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, हे तेव्हाच बघायला पाहिजे होतं. तुमच्या बाबतीत पैसे ऑनलाईन गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, दिवस घालवू नका.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे परवा अक्कलकोट रोडवरनं माझ्या आत्याचा फोन आला, दबक्या आवाजात. "अगं, दोन पोरं आल्यात पाणी तपासायला, ग्लास काळा झालाय बग." मी म्हटलं आत्या, वायर सॉकेटमधनं काढायला सांग आणि त्याच्या त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाक, मग म्हण आता परत लाव. फोन चालूच होता. आत्या म्हणाली, "बाळा, जरा मीठ घालून दाव की ह्यात." तो म्हणाला, मीठ नाही चालत आजी, मशीन खराब होतंय. आत्या म्हणाली, होऊ दे की, मी भरते पैसे. मग बॅगेच्या चेनचा आवाज आला, दार वाजलं, आणि आत्या मला विचारायला लागली की आता ह्या काळ्या पाण्याचं काय करू, झाडाला घातलं तर चालतंय का.