नातेवाइकांनी मिळून वंशवृक्ष करायचा: फॅमिलीसर्च की विकिट्री?

वंशवृक्ष करण्याची ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. दोन्हींत सगळ्या जगाचा मिळून एकच वृक्ष आहे, म्हणजे तुमच्या पणजोबांचं पान एकच असायला हवं. फक्त हयात नसलेल्या पिढ्या नोंदवायच्या असतील तर फॅमिलीसर्च सोपं पडतं. त्याचं फोनवरचं अ‍ॅप सुटसुटीत आहे आणि फोटोबरोबर आजीच्या आवाजातली आठवणही ठेवता येते. हरिद्वारच्या पंड्यांच्या, यात्रेकरूंच्या वंशावळी लिहिलेल्या वह्यांच्या प्रतिमाही तिथे आहेत.

अडतं ते हयात माणसांपाशी. फॅमिलीसर्चच्या मुख्य वृक्षात हयात व्यक्ती ज्याने भरली त्यालाच दिसते. पुण्याच्या आतेभावाने काका भरले आणि नागपूरच्या चुलतबहिणीनेही भरले, की काकांची दोन पानं होतात, आणि एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. पुढे काका गेले की दोघंही आपापल्या पानावर मृत्यूची नोंद करतात, दोन्ही पानं सर्वांना खुली होतात आणि ती एकत्र करण्याचं काम मागे लागतं. काकूही हयात नसेल आणि घाईत फक्त काकांचीच पानं जोडली, तर त्यांच्याखाली काकू दोनदा दिसते. अलीकडे कुटुंबगटाचा वृक्ष करायची सोय आली आहे. तिने बरंच सुटतं, पण प्रत्येकाला त्या गटात यावं लागतं, आणि आपला वृक्ष कुठला, गटाचा कुठला, हे ज्येष्ठांच्या अंगवळणी पडेपर्यंत नोंदी दोन्हीकडे होत राहतात. माझ्यापुरता कौल इथेच विकिट्रीच्या बाजूने लागला.

विकिट्रीवर हयात माणसाचं एकच पान सगळ्यांनी मिळून सांभाळता येतं. त्या पानाच्या विश्वासू यादीत ज्यांची नावं असतील त्यांनाच ते उघडतं. यादी पानागणिक वेगळी असते, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस कटकटीचे जातात. फोनवर तर ते किचकटच वाटतं, म्हणून भरण्याचं काम घरातल्या एक-दोघांनी संगणकावर करावं.

आपल्याकडच्या बायकांच्या नावांना विकिट्रीचे रकाने चांगले जुळतात. जन्माचं आडनाव वेगळं, सध्याचं वेगळं. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर माहेरचं नाव मूळ रकान्यात आणि सासरचं, रोज हाक मारायचं, ते पसंतीच्या नावात. मात्र पानाचा क्रमांक जन्माच्या आडनावावरून बनतो. चौधरीचं रोमन स्पेलिंग चार जण चार तऱ्हांनी लिहितात, आणि नंतर दुरुस्ती केली की क्रमांकच बदलतो. तेव्हा पहिलं पान उघडण्याआधी स्पेलिंग ठरवून घ्या.

घराण्यात दत्तकविधान असेल तर पारडं थोडं दुसरीकडे झुकतं. फॅमिलीसर्चमध्ये जन्मदाते आणि दत्तक घेणारे असे दोन्ही आईवडील जोडता येतात. विकिट्रीत आईवडिलांची एकच जोडी बसते, दुसरी चरित्राच्या मजकुरात लिहावी लागते.

विकिट्री प्रत्येक पानाला आधार मागते, आणि ते चांगलंच आहे. शाळा सोडल्याचा दाखला चालतो. त्याहून उपयोगी पडतो तो तलाठ्याकडचा वारसनोंदीचा फेरफार, कारण त्यात बहुधा विवाहित मुलींचीही नावं असतात, जी घरातल्या जुन्या वंशावळीत सापडत नाहीत. कागद नसेल तर कोणी सांगितलं आणि त्यांचं नातं काय, एवढं तरी लिहा.

भरलेला डेटा विकिट्रीवरून जेडकॉम फाइलमध्ये (वंशवृक्षाची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याच्या फाइलमध्ये) थेट उतरवता येतो. फॅमिलीसर्चवरून तो काढायला बाहेरचं सॉफ्टवेअर जोडावं लागतं.