हेगमधील ‘थिमुन’: ढालीविना पाच दिवस

पुण्या-मुंबईच्या शाळांत ‘एमयूएन’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. शनिवार-रविवार गाठून भरणाऱ्या या अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदांत मुले ब्लेझर घालून तावातावाने बोलतात आणि रविवारी संध्याकाळी कोणीतरी ‘बेस्ट डेलिगेट’ची ढाल घेऊन घरी जाते. अशा ढालींसाठी मुले तयार करण्यात माझीही काही वर्षे गेली आहेत. त्यामुळे गेल्या जानेवारीत आमच्या शाळेचे आठ विद्यार्थी घेऊन नेदरलँड्समधील हेग येथे ‘थिमुन’ या अशाच पण आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी गेलो, तेव्हा प्रतिनिधींना तेथे वैयक्तिक पारितोषिके देतच नाहीत, हे मुलांना पटवणे हीच माझी पहिली अडचण होती. माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी १९६८ पासून चालत आलेली ही परिषद जानेवारीच्या अखेरीस पाच दिवस वर्ल्ड फोरम या संकुलात भरते, आणि समित्यांच्या अध्यक्षांपासून महासचिवांपर्यंतची पदे विद्यार्थीच सांभाळतात.

अशा परिषदेत नेमून दिलेल्या देशाची बाजू मांडायची असते; आमच्या वाट्याला बोलिव्हिया आला. १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात चिलीकडून किनारपट्टी गमावलेला, तरीही टिटिकाका सरोवरावर नौदल बाळगणारा हा देश मुलांना आधी विनोदी वाटला. आमच्या दहावीतल्या एका विद्यार्थिनीने मात्र दोन महिने खपून भूवेष्टित देशांच्या वाहतूक-हक्कांवर ठरावाचा मसुदा तयार केला. १९८२च्या सागरी कायदाविषयक कराराचे १२५वे कलम तिला तोंडपाठ होते, कारण समुद्रापर्यंत पोहोचण्याचा हक्क त्याच कलमात दिलेला आहे.

परिषदेचा खरा कस पहिल्या दिवशीच्या ‘लॉबिंग’मध्ये लागतो. प्रत्येक जण घरून मसुदा घेऊन येतो, समान विषयांचे मसुदे एकत्र करून एकच ठराव बांधावा लागतो, त्याला सहप्रस्तावकांच्या सह्या मिळवाव्या लागतात आणि मग तो भाषा व मांडणी तपासणाऱ्या मंडळापुढे जातो. आमच्या मुलीच्या अकरा कलमांपैकी अडीच उरली. उरलेल्या अर्ध्या कलमातही ‘बंधनकारक’ हा तिचा लाडका शब्द गळून ‘शक्य तेथे’ आला. दुपारच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली तेव्हा डोळ्यांत पाणी होते. तिचा आक्षेप एवढाच होता की नेपाळ आणि मंगोलिया ज्यांच्याकडे होते, त्या मुलांनी तिच्यापेक्षा कमी वाचले होते आणि तरी त्यांचेच शब्द राहिले. ढाल मिळणार असती तर तिने स्वतंत्र मसुदा रेटला असता, याविषयी मला शंका नाही. येथे एकट्याच्या मसुद्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून ती परत जाऊन त्याच टेबलाशी बसली.

चर्चेच्या वेळी ठरावाला विरोध झाला तो चिलीकडून नव्हे, तर भारताकडून. भारताची खुर्ची एका तुर्की शाळेतल्या मुलाकडे होती. ज्या देशातून माल जातो त्या देशाला आपले न्याय्य हित जपण्याचा अधिकार आहे, हे त्याच १२५व्या कलमातले तिसरे उपकलम त्याने बिनचूक मांडले. पुण्याची मुलगी बोलिव्हियाच्या वतीने भारतावर टीका करते आहे आणि तुर्की मुलगा भारताची बाजू लढवतो आहे, हे मागच्या रांगेतून पाहताना मला हसू आवरत नव्हते. तिने लगेच त्याला चिठ्ठी धाडली (चिठ्ठ्या सभागृहातले स्वयंसेवक नेतात आणि आधी वाचूनही पाहतात), तासाभराने दोघांनी मिळून एक दुरुस्ती आणली आणि ठराव संमत झाला. बोलताना ‘मी’ म्हणायचे नाही, ‘बोलिव्हियाचे शिष्टमंडळ’ म्हणायचे, हा नियम आमच्या मुलांना सुरुवातीला नाटकी वाटला होता. त्याच नियमामुळे टीका अंगाला लागत नाही, हे त्यांच्या ध्यानात आपोआप आले.

शहराचाही या अनुभवात वाटा आहे. संकुलाच्या शेजारीच रासायनिक शस्त्रबंदी संघटनेचे मुख्यालय आहे, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय जेथे बसते तो १९१३ सालचा पीस पॅलेस चालत जाण्याच्या अंतरावर आहे. समुद्राकडे जाण्याबाबत बोलिव्हियाशी वाटाघाटी करण्याचे बंधन चिलीवर नाही, असा निकाल २०१८च्या ऑक्टोबरमध्ये १२ विरुद्ध ३ मतांनी येथेच लागला. मुलांना अर्थात कुलभूषण जाधव यांचा २०१९चा निकाल आणि नागपूरच्या हरीश साळवे यांनी त्यासाठी घेतलेला एक रुपया अधिक ठाऊक होता. फाटकापाशी थंडीने कुडकुडत दोन्ही निकालांवर वाद घालणारी ही मुले वर्गात कधी इतकी बोलली नव्हती.

जेवणाची काळजी शाकाहारी पालकांनी अवाजवी केली. दुपारी पाव आणि चीज एवढेच मिळते हे खरे; पण हेगमध्ये सुरिनामहून आलेल्या हिंदुस्तानी वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्या दुकानांत बटाटा व चवळीच्या शेंगांच्या भाजीबरोबर मऊ रोटी मिळते. आम्ही तीन रात्री तीच खाल्ली.

तक्रार आहे ती आमच्या प्रवास कंपनीविषयी. ‘सभागृहापासून चालत दहा मिनिटे’ असे लेखी सांगून तिने आमची सोय शेजारच्या गावात केली, त्यामुळे रोज सकाळी अंधारात गाडी आणि मग ट्राम पकडावी लागली. दोन्ही पालकांची संमतीपत्रे आणि किमान ३०,००० युरोंचा विमा शेंगेन व्हिसासाठी लागतो, हेही तिने व्हिसा कार्यालयातील भेटीच्या आदल्या आठवड्यात कळवले. ही कामे शाळेने स्वतःच करावीत. ती अवघड नाहीत.

एकाही स्थानिक परिषदेत न बोललेल्या मुलाला येथे पाठवू नये, कारण पहिला दिवस गडबडीत निघून जातो आणि तोच दिवस महत्त्वाचा असतो. खर्चही सर्वांना झेपणारा नाही. आमच्या आठांपैकी दोघांचा भार माजी विद्यार्थ्यांनी उचलला. पुढच्या वर्षासाठी आम्ही पुन्हा अर्ज करत आहोत. सहा जागांसाठी तेवीस नावे आली आहेत, आणि बोलिव्हियावाल्या मुलीने या खेपेस भारत मिळावा म्हणून आतापासूनच तगादा लावला आहे.