कमी वजनाच्या बाळांची मूत्रपिंड तपासणी: बेळगावातील एका दवाखान्याविषयी

गर्भात वाढ खुंटल्यामुळे जन्मतः जेमतेम १.९ किलो भरलेल्या आमच्या नातीला खानापूरहून बेळगावातील एका बालरोग दवाखान्यात दाखवले. डॉक्टरांनी सर्वांत आधी तायी कार्डावरील (कर्नाटकातील आई-बाळाच्या आरोग्यनोंदींचे सरकारी कार्ड) जन्मवजन पाहिले, हे मला विशेष वाटले. एरवी मूल हसतेखेळते दिसले की ती नोंद कोणी विचारीत नाही. मूत्रपिंडातील रक्त गाळणारे नेफ्रॉन साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, त्या काळात वारेतून पोषण अपुरे मिळाल्यास बाळ कमी नेफ्रॉन घेऊन जन्मते आणि आहेत त्यांच्यावर ताण पडून पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका राहतो, हे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. रक्तदाबासाठी दंडाच्या मापाचा लहान पट्टा वापरला. मोठ्यांचा पट्टा लावल्यास आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. लघवीतील प्रथिनांची तपासणी त्याच दिवशी झाली, अनावश्यक चाचण्या माथी मारल्या नाहीत. दरवर्षी रक्तदाब मोजावा आणि वेदनाशामक औषधे आपल्या मनाने देऊ नयेत, असे बजावले. गैरसोय एवढीच, की नंबर लावण्यासाठी भल्या सकाळी यावे लागते आणि बसायला बाके अपुरी आहेत.