ई-इनव्हॉइसचा वापरानंतरचा अनुभव: साचा चांगला, पण ग्रेड लिहायची कुठे?

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा कारखाना आहे. भाजणं, फोडणं, बोर्म्यात (गर सुकवायच्या गरम भट्टीत) सुकवणं, साल काढणं, ग्रेडिंग, डबे भरणं, सगळं इथेच होतं. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर गेली की ई-इनव्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेणं, बंधनकारक, हा नियम १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे. २०२० च्या ऑक्टोबरात सुरुवात झाली तेव्हा ही मर्यादा ५०० कोटींची होती, मग टप्प्याटप्प्याने ती आमच्यासारख्यांपर्यंत खाली आली. मागल्या वर्षी आम्ही पाच कोटी ओलांडले आणि एप्रिलपासून जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकाचं प्रत्येक बिल याच वाटेने जातंय. पावसाळा आणि गणपती-दिवाळीची गर्दी पार पडली, म्हणून आता लिहितो.

आधी चांगलं, कारण ते खरंच चांगलं आहे. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर बिलाचा तपशील ठरलेल्या जेसॉन साच्यात (संगणकाला थेट वाचता येईल अशा फाइलीत) पोर्टलला पाठवतं, तिथे तपासणी होते आणि ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) व सही असलेला क्यूआर परत येतो. गिऱ्हाइकाचा पिनकोड त्याच्या राज्याशी जुळत नसेल किंवा राज्यातल्या राज्यात आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) लावला गेला असेल, तर बिल तिथल्या तिथे अडतं. पूर्वी असल्या गोष्टी रिटर्न भरताना सीएच्या फोनवरून कळायच्या. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये नोंदी आपोआप येतात, माल वाहतुकीचं ई-वे बिल त्याच वेळी निघतं. महिनाअखेरीला आमच्या ऑफिसातल्या मुलींना आता रात्री थांबावं लागत नाही, आणि मला याचं फार मोल वाटतं.

अडचण नेटची. जुलैत वीज गेली की टॉवरही जातो आणि भरलेली गाडी आवारात उभी राहते. ड्रायव्हर सरळ सांगतो, "क्यूआर नाय तर मी गाडी काढूचंय नाय." त्याचं बरोबरच आहे, वाटेत अडवला तर तोच अडकतो. आता माल भरायला घेतानाच बिल करून ठेवतो. काही बदललं तर २४ तासांत रद्द करता येतं, त्यानंतर मात्र क्रेडिट नोटच.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. काजूत सगळा पैसा ग्रेडचा. डब्ल्यू-२४० म्हणजे पौंडाला साधारण २४० गर, डब्ल्यू-३२० म्हणजे ३२०. त्याखाली पाकळी, तुकडा, कणी. भावात एवढा फरक, पण सोललेल्या काजूचा सहा आकडी एचएसएन (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) एकच, ०८०१३२. आठ आकडी घेतला तर अख्खा आणि तुकडा वेगळा होतो, ग्रेड नाहीच. मग ग्रेड वर्णनाच्या रकान्यात जाते आणि तिथे जो तो आपल्या मनाने लिहितो: "डब्ल्यू २४०", "२४० नंबर", "२४० अख्खा". माणसाला कळतं, संगणकाला हे तीन वेगळे माल वाटतात. क्यूआरमध्ये तर दोघांचे जीएसटी नंबर, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, किती ओळी, मुख्य मालाचा एचएसएन आणि आयआरएन एवढंच. डब्यात काय आहे ते त्यात नाही. म्हणून कोल्हापूरचा आमचा घाऊक व्यापारी ई-इनव्हॉइस आल्यावरही आधीसारखंच आमचं छापील बिल समोर ठेवून पुन्हा सगळं टाइप करत होता.

मी सरकारी साच्याचा तपशील मुळातून वाचला, तेव्हा कळलं की जागा आहे. प्रत्येक ओळीला बॅचचं (एकत्र तयार झालेल्या लॉटचं) नाव आहे, मुदतीची तारीख आहे, बारकोड आहे, मालाचे गुणधर्म लिहायला वेगळा रकाना आहे. सगळे ऐच्छिक. छोट्यांवर ओझं नको म्हणून बंधनकारक रकाने थोडे ठेवले, हे अगदी योग्य केलं. व्यापारी कागदपत्रांचं यूबीएल हे खुलं मानक २००४ साली आलं, २०१५ मध्ये त्याला आयएसओचा दर्जा मिळाला, पण त्याचा पसारा इतका मोठा की छोट्या धंद्यांसाठी त्यातून निवडक भाग वेगळा काढावा लागला. आपल्याकडे ती काटछाट सुरुवातीलाच झाली. मात्र "ऐच्छिक" म्हटल्यावर सॉफ्टवेअरवाल्यांनी ते रकाने पडद्यावर आणलेच नाहीत. आमच्याकडच्याने आधी सांगितलं, "कुणी मागत नाही." मी पिच्छा सोडला नाही, शेवटी त्याने बॅच आणि गुणधर्म उघडून दिले.

बॅचचा उपयोग लगेच दिसला. दिवाळीनंतर एका डब्यात गर खवट निघाल्याची तक्रार आली. बिलावरून लॉट कळला, त्यावरून बोर्म्यातला दिवस कळला आणि त्याच लॉटचे उरलेले डबे आम्ही स्वतःहून परत मागवले. कोल्हापूरचा व्यापारी आता जीएसटी पोर्टलवरून त्याला आलेल्या बिलांचं जेसॉन उतरवतो आणि आमचा माल त्याच्या साठ्यात न टाइप करता चढतो. ही सोय त्याला माहीतच नव्हती, बऱ्याच जणांना नसते.

शेतकऱ्याकडून बी घेतो तो व्यवहार या साच्याच्या बाहेरच राहतो, त्याची वही वेगळी.

नवीन सॉफ्टवेअर घेणार असाल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याला आपल्याच मालाचं एक बिल करायला लावा, बॅच आणि ग्रेडसकट, आणि तयार झालेलं जेसॉन उघडून दाखवायला सांगा. ग्रेड वर्णनात कोंबलेली दिसली तर रकाना उघडून मागा. आणि आपल्या भागातल्या कारखानदारांनी ग्रेड लिहायची एकच पद्धत ठरवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आम्ही "डब्ल्यू-२४०" असं, मध्ये आडवी रेघ देऊन लिहितो.