गंजगोलाईतल्या बोळातलं वाद्यदुरुस्तीचं दुकान: पथकवाल्यांनी जावंच

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एकाच्या आतल्या बोळात, भांड्यांची दुकानं संपली की हे दुकान लागतं. पाटी नाही. चाचा आणि त्यांचा मुलगा बसतात. नवं वाद्य विकत नाहीत, फक्त दुरुस्ती करतात, आणि ती जीव लावून करतात.

आमचं औशाचं पोरांचं ढोल-बिगुल पथक किल्लारीच्या भूकंपाआधीचं. १९९३ साली विसर्जनाची मिरवणूक वाजवून आम्ही झोपलो आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे जमीन हादरली. त्यानंतर बरीच वर्षं ढोलाला हात लावायचं कुणाच्या मनात येईना. १९९८ ला मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनासाठी पेट्या पुन्हा उघडल्या. आता त्याच पोरांची मुलं-मुली वाजवतात. वाद्यं मात्र बरीचशी तीच, मेरठची पितळी.

बिगुलला कळा नसतात. सा, ग, प एवढेच सूर, तेही ओठांच्या जोरावर काढायचे. नळीला पोचा पडला की वरचा प फाटतो आणि शिकणाऱ्या लेकराला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. आमचा एक बिगुल तसाच झाला होता. एका मोठ्या दुकानात ‘भंगारात घाला, नवा घ्या’ म्हणाले. चाचांनी आधी तो स्वतः फुंकून पाहिला. मग पोलादी गोळी आत सरकवून बाहेरून लाकडी हातोडीनं हलके हलके ठोकत पोचा उठवला, सुटलेला सांधा डाख देऊन बसवला, पुन्हा फुंकला, आणि मगच हातात दिला.

साईड ड्रमला कातडी पान बसवू नका म्हणाले. भादव्यातल्या ओल्या हवेत ते सैल पडतं. फायबरचं पान आणि खालच्या नव्या तारा घातल्या. आवाज असा कडक निघाला की चौकातली माणसं वळून बघायला लागली.

बिगुलचे अडीचशे घेतले. पावती मिळत नाही, शाळांना ती अडचण येईल. गणपतीच्या तोंडावर तर अजिबात जाऊ नका, रांग असते आणि चाचा घाई करत नाहीत. आषाढातच वाद्यं टाकून या, आणि बिगुल वाजवणारं पोर सोबत न्या. तोंडाशी कसं धरायचं तेही ते दाखवतात.